पंखा बंद, बिल हेड गॅसकेटचं

माझी जीप जुनी, फोर बाय फोर. आधीच्या मालकानं पट्ट्यावरचा पंखा काढून रेडिएटरला इलेक्ट्रिक पंखा बसवलेला. काजूच्या दिवसांत कणकुंबीकडच्या कच्च्या वाटेनं बियांची पोती काढायला तीच लागते.

मार्चमध्ये दुखणं सुरू झालं. निपाणी हायवेला ऐंशीच्या वेगात तापमानाचा काटा निम्म्यावर गप बसायचा. जांबोटी सोडून चढाच्या वाटेला लागलं की थोड्याच वेळात लाल रेघेत. खरं तर दुखणं इथंच कळायला हवं होतं. वेगात समोरून येणारा वारा रेडिएटर थंड करतो; पंखा लागतो तो चढाला, ट्रॅफिकमध्ये, पहिल्या-दुसऱ्या गिअरला. तेवढं डोकं चाललं नाही आणि गाडी बेळगावच्या एका गॅरेजात नेली.

मिस्त्रीनं बॉनेट उघडून दोन मिनिटांत निकाल दिला, "मालक, हेड गॅसकेट गेलंय. रेडिएटर पण चोक. असंच चालवलासा तर इंजिन बसतंय बगा." (हेड गॅसकेट म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा भाग यांच्यामधली सीलची पत्री.) बोली अस्सल आपली. आपल्याकडं मराठी कानावर पडली की माणूस सैल सुटतो. किल्ली देऊन मी एसटीनं घरी.

चार दिवसांनी १८,६०० रुपये मोजले. ट्रायल दिली ती हायवेलाच! काटा निम्म्यावर, मी खूश.

तिसऱ्या दिवशी चढाला पुन्हा वाफ. अर्धा तास थांबलो (तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं), मग रखडत खानापुरात एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडं आलो. त्यानं इंजिन चालू ठेवून काटा चढू दिला. पंखा हलेना. मग रिले, म्हणजे पंख्याला वीज जोडणारा छोटा स्विच, उपसला आणि त्याच्या खोबणीत ३० आणि ८७ या दोन पिनांच्या जागी वायरचा तुकडा टोचला. पंखा भर्रकन सुटला. "रिले होगिदे, अष्टे," म्हणाला. रिले गेलाय, एवढंच. मजुरीसकट साडेतीनशे.

पैसे देताना त्यानंच बोट दाखवलं. इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या बोल्टांवर जुनं तेल आणि लाल धूळ वाळून खपली धरलेली. एकाही बोल्टाला पाना लागलेला नव्हता. ते झाकण काढल्याशिवाय हेड उतरत नाही, मग गॅसकेट बदललं कुठून? शिवाय गॅसकेट खरंच गेलं असतं तर रेडिएटरात बुडबुडे दिसले असते, ऑइल दुधाळ झालं असतं, नाहीतर सायलेन्सरातून पांढरा धूर निघाला असता. यातलं मला कोणी काही दाखवलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. रेडिएटर मात्र बदललेला, म्हणजे माझा तांब्या-पितळेचा जड गेला आणि जागी प्लॅस्टिकच्या टाकीचा ॲल्युमिनियमचा आला. तांब्याला भंगारात काय भाव मिळतो, ते कुणालाही विचारा.

गाडी गॅरेजात टाकायच्या आधी दोन कामं करा. इंजिन तापू द्या, पंखा फिरतो का ते स्वतः बघा. आणि काढलेला प्रत्येक पार्ट परत हवा, हे किल्ली देतानाच सांगा. मी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात गेलो. "जुना रेडिएटर? तो भंगारात गेला की मालक." मी खिशातलं बिल काढून त्याच्यासमोर धरलं, तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. वहीचं फाडलेलं पान, त्यावर नुसते आकडे. ना गाडीचा नंबर, ना सही, ना गॅरेजचं नाव.