नाशिकच्या त्या परिषदेत आमचे ३७,५०० रुपये गेले आणि एक चांगला पेपर अडकला

बॅनर बदलायला त्या मुलाला चार मिनिटं लागली. हे मला नंतर कळलं, विद्यार्थ्यांच्या मोबाईलमधल्या फोटोंच्या वेळा पाहताना. ११.४२ च्या फोटोत मागे ‘वाणिज्य व व्यवस्थापन’ आहे आणि ११.४६ च्या फोटोत ‘माहिती प्रणाली आणि आरोग्य तंत्रज्ञान’. समई तीच, झेंडूचा हार तोच, अध्यक्षांच्या खुर्चीवरचे गृहस्थही तेच. भिंतीला टेकवून आणखी पाच बॅनर गुंडाळून ठेवलेले होते. महामार्गालगतच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये त्या दिवशी सात परिषदा उरकल्या गेल्या. त्यातल्या एकीसाठी मी माझ्या चार विद्यार्थ्यांना पैसे भरायला लावले होते.

मी नाशिकमधल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, चौदा वर्षं झाली. आयोजकांचं नाव इथे लिहीत नाही. तक्रार चालू आहे, आणि नाव बदलायला अशा लोकांना एक दिवस पुरतो. त्यांची पद्धत ओळखता आली पाहिजे, म्हणून सगळं जसं घडलं तसं सांगते.

आधी पेपर, म्हणजे शोधनिबंध, कसला होता ते सांगायला हवं, नाहीतर काय गेलं ते कळणार नाही. फायनल इयरच्या चौघांचा प्रोजेक्ट नाशिक जिल्ह्यातल्या पेठ आणि सुरगाण्याकडच्या आशाताईंसाठी होता. गरोदर बाईची नोंद आशाताई आधी वहीत करतात, मग रजिस्टरमध्ये, मग मोबाईलवर. डोंगराआडच्या पाड्यावर नेटवर्क नसतं, त्यामुळे मोबाईलवरची नोंद घरी येऊन किंवा टेकडीवर जाऊन करावी लागते. मुलांनी असं अ‍ॅप बनवलं की नोंद फोनमध्येच राहते आणि नेटवर्क आलं की आपोआप पुढे जाते. ऐकायला सोपं आहे. खरी अडचण पुढे आहे. एकाच बाईची नोंद आशाताईंनी पाड्यावर बदलली आणि त्याच दिवशी नर्सबाईंनी उपकेंद्रात बदलली, दोघींचे फोन ऑफलाईन, तर नंतर कुठली नोंद खरी धरायची? बऱ्याच प्रणाली शेवटची आलेली नोंद ठेवतात आणि आधीची पुसतात. इथे पुसली जाणारी नोंद रक्तदाबाची असू शकते. त्यात आभा या आरोग्य ओळखपत्राचा चौदा अंकी क्रमांक नसेल, तर या दोन नोंदी एकाच बाईच्या आहेत हे ओळखायचं तरी कसं? मुलांनी ठरवलं की काहीच पुसायचं नाही, दोन्ही नोंदी नर्सबाईंसमोर ठेवायच्या आणि निर्णय त्यांच्यावर सोडायचा. यासाठी चौघं किती शनिवार जुन्या सीबीएस बसस्टँडवरून सकाळची एसटी पकडून पेठला गेले, मी पाहिलंय. परवानगी घेऊन, नावं आणि नंबर झाकून त्यांनी वह्यांमधल्या नोंदी उतरवून आणल्या.

मग तो ई-मेल आला. राष्ट्रीय परिषद, सातवं वर्ष, नाशिकमध्येच. स्कोपस या संशोधन पेपरांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत प्रकाशनाची हमी, यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्यता, परदेशी विद्यापीठातल्या प्राध्यापकांचं बीजभाषण, आयोजन समितीत बत्तीस नावं. त्यातली दोन नावं माझ्या ओळखीची होती आणि तिथेच माझा विश्वास बसला. मी स्वतः पीएच.डी. करतेय. यूजीसीने २०२२ च्या नियमांत प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती काढली असली, तरी पेपरचा आग्रह कमी झालेला नाही. कॉलेजला दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या फाईलसाठी पेपर हवे असतात, मुलांना बायोडेटासाठी हवे असतात. परिषद गावातच आहे, प्रवासाचा खर्च नाही, असाही विचार केला.

गुरुवारी रात्री पेपर पाठवला, शनिवारी दुपारी स्वीकारल्याचं पत्र आलं. परीक्षकांचा शेरा एका ओळीचा: विषय चांगला आहे, व्याकरण तपासावे. तिथेच मी थांबायला हवं होतं. पेपर नीट वाचला जातो तेव्हा आठवडेच्या आठवडे जातात आणि शेरे टोचणारे येतात. आणि आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या कुणालाही खटकली असती अशी एक गोष्ट मला तेव्हा दिसली नाही. आमच्या पेपरमध्ये बायकांच्या आरोग्याची माहिती होती. ती कुणाच्या परवानगीने घेतली, माणसांवरचं संशोधन तपासणाऱ्या आचारसमितीची मंजुरी आहे का, नावं कशी झाकली, हे त्यांनी एका शब्दानेही विचारलं नाही. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं याबाबत स्पष्ट आहेत. आरोग्य तंत्रज्ञानाची परिषद म्हणवणाऱ्यांनी हा प्रश्न विचारलाच नाही, याचा अर्थ पेपर कुणी उघडलाच नव्हता.

विद्यार्थ्यांना प्रत्येकी ४,५०० रुपये, मला ७,५००, आणि वर पेपरमागे ‘प्रकाशन शुल्क’ १२,०००. ते शुल्क पत्रात नव्हतं, नोंदणी झाल्यावर फोनवर सांगितलं. क्यूआर कोड स्कॅन केला तर खातं एका माणसाच्या नावाचं निघालं, संस्थेचं नाही. चौघांपैकी एक मुलगी दिंडोरी तालुक्यातली. तिच्या वडिलांनी द्राक्षबागेच्या फवारणीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून ४,५०० काढून दिले. मॅडम सांगतायत म्हणजे भरायलाच हवेत, असं ते म्हणाले होते. हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

परिषदेच्या दिवशी आम्ही साडेनऊला पोहोचलो. दारात फाईल, पेन, नाश्त्याचं कूपन. हॉलमध्ये साठेक माणसं. माझ्या शेजारी मालेगावहून आलेल्या मराठीच्या प्राध्यापिका होत्या, त्यांचा पेपर लोकगीतांवर. पुढच्या रांगेत जळगावचे एक सर केळीवरच्या रोगाचा पेपर घेऊन आले होते. आम्ही एकमेकांना विचारलं तेव्हा प्रत्येकाच्या पत्रावर वेगळ्या परिषदेचं नाव निघालं. परदेशी प्राध्यापक ‘अपरिहार्य कारणाने’ आले नाहीत. बीजभाषण म्हणून अध्यक्षांनी वीस मिनिटं संशोधनाचं महत्त्व सांगितलं.

आमची पाळी आली. दिंडोरीच्या मुलीने पेपर सादर करायचा होता. दोन नोंदींच्या त्या प्रश्नावर कुणीतरी विचारेलच, म्हणून तिने दोन रात्री जागून उत्तर तयार केलं होतं, वेगळ्या स्लाईडवर, आकृती काढून. अध्यक्ष खाली मान घालून मोबाईल पाहत होते. पाचव्या मिनिटाला टेबलावरची घंटा वाजली. “काही प्रश्न? नाही? व्हेरी गुड, फोटो घ्या.” मागच्या दोन रांगांत बसलेल्या कुणाला आशा म्हणजे कोण हे माहीत असण्याचं कारण नव्हतं, ते दुसऱ्याच विषयाचे होते. ती मुलगी स्टेजवर पेन ड्राईव्ह हातात धरून उभी राहिली आणि फोटोसाठी तिला बाजूला सरकवलं गेलं. जेवणाआधी सर्टिफिकेटं वाटून झाली. तीन वाजता हॉल रिकामा, कारण संध्याकाळी तिथे साखरपुडा होता.

एवढं होऊनही मला फसवणूक वाटली नव्हती. वाईट आयोजन एवढंच वाटलं. परिषद झाली होती, चहा मिळाला होता, हातात सर्टिफिकेट होतं. इतरांच्याही हे लवकर लक्षात येत नसेल, ते यामुळेच.

दोन महिन्यांनी परिषदेच्या पेपरांचं पुस्तक पीडीएफमध्ये आलं. आमच्या पेपरमधली आकृतीच नव्हती, तक्ते फाटल्यासारखे दोन पानांवर पसरलेले. वर डीओआय, म्हणजे पेपरचा ऑनलाईन ओळख क्रमांक, छापला होता. तो डीओआय डॉट ऑर्गवर टाकला तर असा क्रमांक अस्तित्वातच नाही असं उत्तर आलं. मग दिंडोरीच्या मुलीने आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, तपासायला घेतला. याची रीत कुणालाही जमेल: तेरा अंकांना ओळीने एकदा १ ने आणि एकदा ३ ने गुणायचं, सगळ्यांची बेरीज करायची, ती १० ने पूर्ण भागली गेली पाहिजे. तिची बेरीज ११८ आली. तिने तीनदा केली, माझ्यासमोर, वहीच्या शेवटच्या पानावर. तीनदा ११८. आपल्याकडे आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो, आणि यांनी तोही घेतला नव्हता. घेतला असता तरी पुस्तकाला क्रमांक मिळाला एवढाच त्याचा अर्थ, आतल्या पेपरचा दर्जा त्यातून कळत नाही.

मग मी एकेक धागा ओढत गेले. वेबसाईटचं डोमेन कधी घेतलं ते ‘हू इज’वर पाहता येतं, परिषद ‘सातवी’ आणि डोमेन पत्र येण्याच्या चार महिने आधीचं. आधीच्या सहा परिषदांचा एकही पेपर कुठे सापडला नाही. समितीतल्या ओळखीच्या दोघांना फोन केला. एकांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, दुसऱ्यांनी नाव काढायला सांगितलं होतं आणि ते काढलं गेलं नव्हतं. परदेशी प्राध्यापकांना मेल केला, त्यांचं उत्तर एका दिवसात आलं: मला कुणी बोलावलेलं नाही. शेवटी मुलांनी आमचाच पेपर, फक्त शीर्षक बदलून, याच आयोजकांच्या पुढच्या परिषदेला पाठवून पाहिला. दुसऱ्या दिवशी स्वीकारल्याचं पत्र हजर. २००५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी प्रोग्रॅमने तयार केलेला निरर्थक पेपर एका परिषदेत स्वीकारला गेल्याचं मी वर्गात सांगत आलेय. तरीही माझ्यावर ही वेळ आली.

पैशांपेक्षा मोठं नुकसान पुढे कळलं. पेपर मागे घेऊन चांगल्या ठिकाणी पाठवावा, असं ठरवलं तर आयोजकांनी ‘विथड्रॉवल फी’ म्हणून आणखी १५,००० मागितले. नोंदणीच्या वेळी आम्ही सही केलेल्या कागदांत कॉपीराईट त्यांना दिल्याचा फॉर्म होता. आता तोच पेपर दुसरीकडे पाठवला तर एकच पेपर दोनदा छापल्याचा ठपका मुलांवर येऊ शकतो. म्हणून पहिला फॉर्म हातात आला की सही करायच्या आधी पूर्ण वाचा, आणि प्रकाशक कोण आहे हे कळल्याशिवाय कॉपीराईट देऊ नका.

स्कोपसबद्दलही सांगते, कारण या एका शब्दावर खूप लोक पैसे भरतात. पेपर स्कोपसमध्ये घ्यायचा की नाही हे आयोजक ठरवत नाही, त्यामुळे पेपर छापून यायच्या आधी हमी देणारा खोटं बोलतो. स्कोपसची स्रोतांची यादी लॉगिनशिवाय पाहता येते. परिषद आयट्रिपलई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेची आहे असं सांगितलं तर आयट्रिपलईच्या यादीत तिचा रेकॉर्ड क्रमांक शोधा. परिषदांना ‘यूजीसी मान्यता’ असा प्रकार नसतो. यूजीसीची केअर यादी नियतकालिकांची होती, ती बंद करत असल्याचं फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झालं, आणि त्यानंतर पारखण्याची जबाबदारी कॉलेजांवर आणि आपल्यावर आली आहे. मला आता येणाऱ्या मेलमध्ये ‘केअर बंद झाली, आमची यादी ग्राह्य’ असं लिहिलेलं असतं.

हे प्रकार फक्त लहान पातळीवर चालतात असंही नाही. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेतल्या नेवाडाच्या फेडरल न्यायालयाने हैदराबादच्या एका कंपनीला ५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरायचा आदेश दिला. तिच्याविरुद्धच्या आरोपांत न येणाऱ्या तज्ज्ञांची नावं परिषदांच्या जाहिरातीत वापरणं आणि शुल्क आधी न सांगणं हे दोन्ही होतं. आमच्या अनुभवात हे दोन्ही जसंच्या तसं आहे.

तक्रारीत आम्हाला उशीर झाला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर पैसे गेल्या गेल्या कळवलं तर समोरच्या खात्यातली रक्कम रोखण्याची शक्यता असते, आम्ही सत्तर दिवसांनी फोन केला. तक्रार नोंदली गेली, क्रमांक मिळाला. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे: तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत आणि ५ लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क नाही. आम्ही पाच जणांची मिळून तिथे तक्रार करतोय. त्यासाठी क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट, फोनवर शुल्क सांगितल्यानंतरचा मेसेज, बॅनर बदलतानाचे दोन फोटो, सगळं जपून ठेवलंय. तुम्हीही नाश्त्याच्या कूपनासकट काही फेकू नका. मालेगावच्या मॅडम आणि जळगावचे सर यांच्याशी बोलणं झालंय, तेही आपापली तक्रार देणार आहेत. त्या हॉलमधले आणखी कुणी हे वाचत असतील तर कृपया संपर्क करा.

मुलांचे १८,००० मी परत दिले. दिंडोरीच्या काकांनी आधी घेतले नाहीत, मग मुलीच्या खात्यावर पाठवले. आयोजकांच्या छापील पत्त्यावर पाठवलेली नोटीस परत आली, पाकिटावर पोस्टमनचा शेरा आहे, ‘या पत्त्यावर कोणी नाही’. ते पाकीट न फोडता फाईलला लावलंय.

जुना पेपर तसाच अडकलेला आहे, म्हणून मुलांनी नव्याने सुरुवात केली. पास होऊन गेलेले असूनही दोघं पुन्हा पेठला जातात. या वेळी आधी आचारसमितीची मंजुरी, मग नोंदी. उपकेंद्रातल्या नर्सबाईंना ती दोन नोंदींची स्लाईड दाखवली, तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, “आणि दोन्ही नोंदी चुकीच्या असतील तर?” दिंडोरीच्या मुलीकडे याचं उत्तर नव्हतं. ती आता त्यावर काम करतेय.