बेनिफिटचं ओव्हरपेमेंट अंगावर आलंय: हप्त्याने फेडायचं, डीआरओ घ्यायची की बँकरप्सी?

डीडब्ल्यूपीचं (बेनिफिट, म्हणजे सरकारी भत्ते देणाऱ्या ब्रिटनच्या खात्याचं) पत्र येतं की तुम्हाला जास्त पैसे दिले गेलेत, ते परत करा, आणि आकडा बघून घरातल्यांची झोपच उडते, त्यात क्रेडिट कार्ड आधीच फुगलेलं, कौन्सिल टॅक्स थकलेला. मग ओळखीतला एक जण सांगतो बँकरप्सी घेऊन टाक, सगळं माफ होतं, दुसरा ठासून सांगतो सरकारी देणं मेल्यावरही सुटत नाही. दोघांचंही अर्धवट आहे, आणि या अर्धवट माहितीवर लोक मोठमोठे निर्णय घेतात म्हणून जरा सविस्तर लिहितोय. डीआरओ म्हणजे डेट रिलीफ ऑर्डर, कमी मिळकत आणि कमी मालमत्ता असलेल्यांसाठी कर्जमाफीचा आदेश, आणि बँकरप्सी म्हणजे दिवाळखोरी. हे सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं, स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडचे नियम वेगळे. वर्क व्हिसावर असाल तर बहुतेक बेनिफिट मुळात मिळतच नाहीत, त्यामुळे हा प्रश्न जास्त करून आयएलआर (कायम राहायची परवानगी) किंवा ब्रिटिश पासपोर्टवाल्यांचा, आणि पोर्तुगीज पासपोर्टवर येऊन सेटल्ड स्टेटस मिळालेल्या स्विंडन-साउथॉलच्या आपल्या गोंयकारांचा.

आधी एक बघा, हे देणं होतं कसं. आईला सांभाळणारी एखादी ताई केअरर्स अलाउन्स (आजारी माणसाला सांभाळणाऱ्याचा भत्ता) घेते आणि दुकानात पार्टटाइम जाते. २०२४-२५ मध्ये कमाईची मर्यादा आठवड्याला १५१ पाउंड होती, किमान वेतन तासाला ११.४४. तेरा तास केले तर १४८.७२, सगळं ठीक. चौदा तास केले की १६०.१६, आणि मग वरचे नऊ पाउंड कापत नाहीत, त्या आठवड्याचा अख्खा ८१.९० पाउंडांचा अलाउन्स जातो. वर्षभर असं चालू राहिलं आणि कोणी हटकलं नाही तर ४,२५८ पाउंडांचं बिल तयार. एप्रिल २०२५ मध्ये मर्यादा १९६ झाली पण कडा तशीच आहे, एक पाउंड वर गेला की सगळं गेलं. अशा बाईला लबाड म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पण पत्राची भाषा मात्र तिला तसंच वाटायला लावते.

आता पर्याय. सगळ्यात पहिला पर्याय लोक विसरतात तो म्हणजे निर्णयच चुकीचा आहे का ते बघणं. मँडेटरी रिकन्सिडरेशन (डीडब्ल्यूपीकडूनच निर्णयाची फेरतपासणी) मागायला साधारण एक महिना असतो, तिथे नाही ऐकलं तर ट्रायब्युनलकडे अपील. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये (जुने बरेच भत्ते एकत्र करून आलेला मासिक भत्ता) गोची अशी की २०१२ च्या कायद्याने डीडब्ल्यूपीची स्वतःची चूक असली तरी पैसे वसूल करता येतात, जुन्या बेनिफिटांत तसं नव्हतं. तरी वसुली माफ करा असा अर्ज करता येतो, आणि २०२३ मध्ये हायकोर्टाने एका बाईच्या बाबतीत अशी वसुली बेकायदेशीर ठरवली, कारण तिने शंका विचारली होती आणि डीडब्ल्यूपीनेच तिला पैसे मिळतील म्हणून सांगितलं होतं. त्यामुळे तुमच्या जर्नलमधले (युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यातले) मेसेज जपून ठेवा, स्क्रीनशॉट काढा.

दुसरा पर्याय, हप्त्याने फेडणं. एप्रिल २०२५ पासून युनिव्हर्सल क्रेडिटमधून साधारणपणे स्टँडर्ड अलाउन्सच्या (मूळ रकमेच्या) १५ टक्क्यांपर्यंतच कापतात, आधी २५ होते. पंचविशीच्या पुढच्या एकट्या माणसाला २०२५-२६ मध्ये महिन्याला ४००.१४ मिळत, म्हणजे कपात ६० च्या आसपास, वरच्या ताईचं देणं याच दराने फिटायला जवळजवळ सहा वर्षं. ओझं आहेच, पण हे एकच देणं असेल आणि बाकी कर्ज नसेल तर माझ्या मते यासाठी दिवाळखोरीत जाऊ नये, ६८० पाउंड फी भरून सहा वर्षं क्रेडिट फाइल खराब करून घ्यायची आणि मिळवायचं काय तर चार हजारांची सुटका. एक मात्र लक्षात ठेवा, बेनिफिटमधून कापायला सहा वर्षांची मुदत वगैरे लागू होत नाही, ती मुदत कोर्टात दावा लावण्यापुरती असते. त्यामुळे गप्प बसलो तर देणं आपोआप मरेल असं समजू नका.

पण बाकीचीही कर्जं आहेत, महिनाअखेर हातात काही उरत नाही, तर मग खरी निवड डीआरओ आणि बँकरप्सीमध्ये. दोन्हींत ओव्हरपेमेंट येतं. २०११ च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने पेन आणि कूपर यांच्या खटल्यात सांगितलं की डीआरओ चालू असताना डीडब्ल्यूपीला बेनिफिटमधून कापता येणार नाही, आणि तेच तत्त्व बँकरप्सीलाही लागू आहे. त्याआधी कापत राहायचे, म्हणून जुने लोक अजून 'सरकारी देणं सुटत नाही' म्हणतात. दोन्हींत साधारण १२ महिने जातात आणि मग देणं माफ.

माफ होत नाही ते फ्रॉडचं. १९८६ च्या इन्सॉल्व्हन्सी कायद्यात स्पष्ट आहे की लबाडीतून झालेलं देणं डिस्चार्ज झाल्यावरही (दिवाळखोरीतून सुटल्यावरही) अंगावर राहतं, डीआरओलाही तोच नियम. म्हणजे १२ महिने शांतता आणि मग वसुली परत सुरू. म्हणून पत्रात नेमकं काय लिहिलंय ते चारदा वाचा. पन्नास पाउंडांची सिव्हिल पेनल्टी लागली म्हणजे फ्रॉड ठरलं असं नाही, ती निष्काळजीपणासाठी असते. पण इंटरव्ह्यू अंडर कॉशनला (गुन्ह्याच्या संशयावरून होणाऱ्या चौकशीला) बोलावलं असेल तर आधी सॉलिसिटर गाठा, डीआरओचं नंतर बघू. बजेटिंग लोन किंवा जुनं क्रायसिस लोन (अडचणीत सरकारकडून घेतलेलं छोटं कर्ज) मात्र २०१२ पासून दोन्हींच्या बाहेर आहे, ते फेडावंच लागतं.

पैशाच्या बाजूने डीआरओ उजवी वाटते. एप्रिल २०२४ पासून तिला फी नाही, बँकरप्सीला ६८० भरावे लागतात. डीआरओला कर्जाची मर्यादा ५० हजार पाउंड, महिन्याला उरणारे पैसे ७५ पर्यंत, मालमत्ता २ हजारांपर्यंत, गाडी ४ हजारांपर्यंत चालते, आणि अर्ज मान्यताप्राप्त सल्लागारामार्फतच होतो, सिटिझन्स अॅडव्हाइस, स्टेपचेंज असे फुकट करणारे आहेत, त्यामुळे कोणी पैसे मागितले तर सरळ उठा तिथून. स्वतःचं घर असेल तर डीआरओ जवळजवळ नाहीच.

पण एक फरक आहे तो फारसा कोणी सांगत नाही, आणि बेनिफिटवाल्यांसाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा. डीआरओमध्ये फक्त अर्जात लिहिलेली देणी येतात, एकदा ऑर्डर झाली की नवीन नाव घालता येत नाही. बँकरप्सीत तसं नाही, ऑर्डरच्या आधीच्या काळातलं देणं यादीत राहून गेलं तरी येतं. आता विचार करा, तुमची केस डीडब्ल्यूपीकडे तपासात आहे, आकडा ठरलेला नाही, आणि तुम्ही घाईने डीआरओ घेतली, दोन महिन्यांनी पत्र आलं की गेल्या वर्षीचे तीन हजार परत करा, ते डीआरओच्या बाहेर राहिले आणि परत डीआरओ सहा वर्षं मिळत नाही. बँकरप्सीत, सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या नॉर्टेल निकालानंतर, आधीच्या काळाचं ओव्हरपेमेंट असेल तर निर्णयाचं पत्र नंतर आलं तरी ते त्याच बँकरप्सीत मोडतं. त्यामुळे माझं मत असं, चौकशी चालू असेल तर डीआरओसाठी निर्णयाचं पत्र हातात येईपर्यंत थांबा, थांबणं शक्यच नसेल तर ६८० पाउंड जमवून बँकरप्सीचा विचार करा. ऑर्डरनंतर झालेलं ओव्हरपेमेंट मात्र कशातच येत नाही, म्हणून त्या वर्षात पगार, तास, घरी राहायला आलेला माणूस, सगळं वेळेवर कळवा.

आता आपल्या लोकांचा खास प्रश्न, गावाकडची जमीन. इंग्लंडच्या कायद्यात मालमत्ता जगात कुठेही असली तरी ती मालमत्ताच. सातबाऱ्यावर चुलत्या-भावांबरोबर तुमचं नाव असेल, ताबा मिळाला नसेल, एक दमडी उत्पन्न नसेल, तरी तुमचा हिस्सा फॉर्मवर लिहावा लागतो, आणि तो २ हजारांच्या वर गेला तर डीआरओ बाद. गोव्यातल्यांनी तर जास्त जपून, तिथल्या सिव्हिल कोडप्रमाणे लग्नानंतर बहुतेकदा मालमत्ता दोघांची समाईक असते, त्यामुळे सासरच्या घरातल्या जोडीदाराच्या वाट्यातही तुमचा अर्धा हिस्सा निघू शकतो. बँकरप्सीत हा हिस्सा ट्रस्टीकडे (तुमची मालमत्ता विकून देणी भागवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जातो, तो विकायला गावापर्यंत येईल की नाही हा वेगळा भाग, पण लपवला तर शिक्षा होऊ शकते. आणि कृपा करून अर्ज करायच्या आधी बहिणीच्या नावाने हक्कसोडपत्र करायला जाऊ नका, फुकट किंवा कमी किमतीत दिलेली मालमत्ता बँकरप्सीत पाच वर्षं मागे जाऊन तपासतात. भावाकडून घेतलेले हातउसने आधी त्यालाच फेडले आणि बाकीच्यांना ठेंगा दाखवला तर त्यासाठीही दोन वर्षं मागे बघतात, डीआरओतही हे आडवं येतं.

आयव्हीएबद्दल (कर्ज देणाऱ्यांशी ठरवलेला हप्त्यांचा कायदेशीर करार) थोडक्यात, नोकरी चांगली असेल, घर वाचवायचं असेल तरच, साधारण पाच वर्षं हप्ते, आणि ज्यांचे पैसे द्यायचेत त्यांच्यातल्या मतदान करणाऱ्यांपैकी रकमेने ७५ टक्क्यांची संमती लागते. बेनिफिटवरच घर चालत असेल तर कोणी विकायला आला तरी घेऊ नका. बँकरप्सीतही पगारातून उरत असेल तर तीन वर्षं हप्ते लावतात, पण फक्त बेनिफिटवर असाल तर लावत नाहीत. बँकरप्सीचं नाव लंडन गॅझेटमध्ये (सरकारी राजपत्रात) छापून येतं, डीआरओचं नुसतं रजिस्टरवर. नागरिकत्वाचा अर्ज जवळ आला असेल तर इमिग्रेशनवाल्याला आधी विचारा, गुड कॅरेक्टरच्या (चांगल्या वागणुकीच्या) अटीत पैशाची वागणूकही बघतात.

ऑर्डर झाल्यावर शेवटचं एक काम उरतं आणि ते तुम्हालाच करावं लागतं. एका ऑफिसची माहिती दुसऱ्याला पोचायला वेळ लागतो, त्यामुळे पुढच्या एक-दोन महिन्यांत कपात चालू राहिलेली दिसू शकते. युनिव्हर्सल क्रेडिटचं स्टेटमेंट उघडा, कपातीची ओळ बघा, जर्नलमध्ये ऑर्डरची तारीख आणि नंबर टाकून लिहा की या तारखेनंतर कापलेले पैसे परत करा, आणि हाउसिंग बेनिफिटचं देणं असेल तर कौन्सिलला तेच पत्र वेगळं पाठवा, कारण ते वसुली त्यांच्या त्यांच्या खात्यातून करतात.