कोळशाच्या कोठारातली मुलगी

क्लेअर कीगन यांची 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज' ही २०२१ची छोटी कादंबरी मी एका बैठकीत संपवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केली.

काळ १९८५चा, नाताळच्या तोंडावरचा. आयर्लंडमधलं न्यू रॉस गाव, बॅरो नदी आणि कोळसा-लाकूड विकणारा बिल फर्लाँग, पाच मुलींचा बाप. ख्रिस्ती नन्सच्या मठात कोळसा पोचवायला जातो, तर तिथल्या कोठारात कोंडलेली एक मुलगी त्याला सापडते. अशा मठांच्या धुलाईघरांत 'वाईट वळणाच्या' ठरवलेल्या मुलींना राबवून घेत. शेवटचं धुलाईघर बंद झालं १९९६ साली, सरकारनं माफी मागितली २०१३मध्ये. कीगन यावर भाषण देत नाहीत. फर्लाँगच्या घरात केकची तयारी चालते, पैशांचा विचार चालतो, आणि गावाचं गप्प राहणं हळूहळू आपल्याच घशाशी येतं. फर्लाँगची आईसुद्धा लग्नाआधीच आई झालेली. मालकिणीनं तिला घराबाहेर काढलं नाही, एवढ्यावर त्याचं सगळं आयुष्य उभं आहे. हे उमगलं तेव्हा पुस्तक मिटून मी थोडा वेळ नुसती बसून राहिले.

एक तक्रार मात्र आहे. त्याच्या बायकोच्या, आयलीनच्या भीतीला अजून चार पानं मिळायला हवी होती. पाच मुलींची आई घाबरणारच ना!

इंग्रजी सोपं आहे, तरी घाईनं वाचू नका. शेवटची पानं तर मोठ्यानं वाचा.