जड कॅम्परसाठी फोर्ड एफ-३५० ड्युअली: ट्रकची निवड आणि त्याची तयारी

अमेरिकेतील पिकअप ट्रकच्या जाहिरातींमध्ये सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा असतो तो ट्रक किती वजन ओढू शकतो याचा, परंतु ट्रकच्या पाठीवर बसणारा कॅम्पर, म्हणजे राहण्या-झोपण्याची फिरती खोली, ओढायचा नसून वाहायचा असल्यामुळे त्या आकड्याचा आपल्याला जवळपास काहीच उपयोग नसतो. उपयोगाचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पिवळ्या-पांढऱ्या पट्टीवर असतो. प्रवासी आणि सामान मिळून किती वजनापलीकडे जाऊ नये हे तिथे त्या एका ट्रकपुरते छापलेले असते, आणि शेजारी उभ्या असलेल्या त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या दुसऱ्या ट्रकवर तो आकडा कित्येक शे पौंडांनी वेगळा असू शकतो. जड कॅम्परसाठी ट्रक घ्यायचा असेल तर आधी कॅम्पर ठरवावा, त्याचे खरे वजन काढावे आणि मग ही पट्टी वाचत ट्रक शोधावा, असे माझे ठाम मत आहे.

आमचा ट्रक फोर्डचा एफ-३५० आहे. मागे दोन्ही बाजूंना जोडचाके असलेला, म्हणजे इथे सगळे ज्याला ‘ड्युअली’ म्हणतात तो, चार दारांची क्रू कॅब, आठ फुटी बेड (मागचा सामान ठेवण्याचा हौदा), फोर-व्हील ड्राइव्ह, ७.३ लिटरचे पेट्रोलवर चालणारे व्ही-८ इंजिन आणि एक्सएलटी हा मधला ट्रिम, म्हणजे सोयी-सुविधांची श्रेणी. त्यावर साडेअकरा फूट लांबीच्या फरशीचा आणि एक स्लाइड-आउट (मुक्कामी बाहेर सरकणारा भाग) असलेला कॅम्पर बसतो. ट्रकच्या पट्टीवर पेलोड, म्हणजे वाहता येणारे वजन, सुमारे ६,५०० पौंड, म्हणजे २,९५० किलोच्या आसपास आहे. कॅम्परच्या माहितीपत्रकात ‘ड्राय वेट’ म्हणून ४,००० पौंडांच्या आसपासचा आकडा दिलेला आहे.

हा ड्राय वेटचा आकडा मात्र अत्यंत सावधपणे वाचावा लागतो. त्यात पाणी नसते, गॅसच्या भरलेल्या टाक्या नसतात, आणि बहुतेक वेळा एसी, ऑनिंग (बाजूला उघडणारे कापडी छत), जनरेटर, वाढीव बॅटऱ्या यांसारख्या ग्राहकाने मागून घेतलेल्या गोष्टीही धरलेल्या नसतात. अमेरिकन गॅलनभर पाण्याचे वजन ८.३४ पौंड, त्यामुळे ४५ गॅलनची टाकी भरली की ३७५ पौंड तिथेच वाढतात. त्यात अंथरुणे, खुर्च्या, हत्यारे, आणि आपल्या घरचे म्हणून कुकर, कणीक, तांदूळ, डाळी, मसाल्याचा डबा. ही यादी प्रामाणिकपणे केली तर चार हजारांचा कॅम्पर सहज पाच हजारांच्या घरात जातो. वर कॅबमध्ये बसणारी माणसे त्याच पेलोडमध्ये मोजायची असतात, हे तर विक्रेते सांगतच नाहीत.

खरे वजन कळण्याचा एकच विश्वासार्ह मार्ग म्हणजे वजनकाटा. महामार्गांवरील ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचे काटे असतात. त्यावर पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळ्या पट्ट्यांवर येईल असा ट्रक उभा केला की दोन्हींचे वजन स्वतंत्रपणे छापून मिळते. पूर्ण भरलेला कॅम्पर, चौघांचे कुटुंब आणि भरलेली इंधनटाकी एवढ्यासकट आमच्या ट्रकचे एकूण वजन १३,३०० पौंडांच्या आसपास भरते. ट्रकची कमाल मर्यादा १४,००० पौंड, म्हणजे ६,३५० किलो आहे. त्या १३,३०० पैकी साधारण साडेआठ हजार पौंड एकट्या मागच्या अ‍ॅक्सलवर येतात, आणि जोडचाकांचा प्रश्न नेमका इथेच सुटतो. एकेरी चाकांच्या ट्रकवर दिसणाऱ्या एलटी २७५/७०आर१८ मापाच्या, लोड रेंज ई प्रकारच्या एका टायरची क्षमता ८० पीएसआय हवेवर ३,६४० पौंड असते. दोन टायरांची मिळून ७,२८० होते, आणि साडेआठ हजारांचे ओझे तिथे बसतच नाही. ड्युअलीवरील एलटी२४५/७५आर१७ टायर दिसायला लहान आहे आणि जोडीत त्याची क्षमता २,९१० पौंडच धरली जाते, पण चार टायर असल्यामुळे बेरीज ११,६४० पर्यंत जाते. एखादा टायर वाटेत फुटला तरी शेजारचा टायर गाडी कडेला घेईपर्यंत तोल सांभाळतो, ही या व्यवस्थेची दुसरी आणि माझ्या दृष्टीने तितकीच मोलाची बाजू आहे.

ट्रक शोधत असताना एका विक्रेत्याने आम्हाला याच कॅम्परसाठी पाऊण टनी (म्हणजे एफ-२५० सारखा, एक पायरी खालच्या वर्गातला), एकेरी चाकांचा ट्रक घेऊन मागे एअरबॅग, म्हणजे स्प्रिंगला आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या, बसवण्याचा सल्ला दिला होता. या सल्ल्याला बळी पडलेले अनेक जण इथल्या कॅम्पग्राउंडवर भेटतात, म्हणून स्पष्टच लिहितो. एअरबॅगमुळे ट्रकचा मागचा भाग वर उचलला जातो आणि ट्रक सपाट दिसू लागतो, पण अ‍ॅक्सल, बेअरिंग, चाके, टायर आणि ब्रेक यांची क्षमता एका पौंडानेही वाढत नाही. पाऊण टनी वर्गातील अनेक ट्रकांची एकूण मर्यादा १०,००० पौंडांवर ठेवलेली असते. अर्धा टनी ट्रकांचा तर इथे विचारही करू नये. सर्वसाधारण ट्रिममधील त्यांचे पेलोड बहुधा दोन हजार पौंडांच्या आतच असते.

इंजिनाच्या निवडीत मी पेट्रोलच्या बाजूने आहे, पण ही बाजू एकतर्फी नाही. फोर्डचे हे ७.३ लिटरचे इंजिन २०२० च्या मॉडेलपासून आले. सुरुवातीच्या मॉडेलांत ४३० अश्वशक्ती, ४७५ पौंड-फूट टॉर्क, साधी पुशरॉड रचना, आणि साध्या ८७ ऑक्टेन पेट्रोलवर चालणारे. डिझेल इंजिन त्याहून कित्येक शे पौंड जड असल्यामुळे तेवढे वजन पेलोडमधून वजा होते. खरेदीच्या वेळी डिझेलसाठी बरेच हजार डॉलर जास्त मोजावे लागतात ते वेगळेच. याउलट मोठ्या उतारावर डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक जो आधार देतो, तसा पेट्रोलचे इंजिन देत नाही. ओरेगनमध्ये पेंडल्टनजवळ इंटरस्टेट ८४ चा सहा टक्के उताराचा घाट आहे, ज्याला सगळे कॅबेज हिल म्हणतात. तो उतरताना टो-हॉल मोड (जड ओझ्यासाठीची गिअरबॉक्सची सोय) लावून गिअरबॉक्स खालच्या गिअरमध्ये ठेवावा लागतो आणि इंजिन मोठ्याने ओरडते. गाडी काबूत राहते, ब्रेक अधूनमधूनच लावावे लागतात, पण मागे बसलेल्यांना तो आवाज अजिबात आवडत नाही. कॅम्पर लादून गॅलनमागे नऊ ते दहा मैल मिळतात. ज्यांना कॅम्परच्या मागे जड ट्रेलरही ओढायचा आहे किंवा रॉकीजच्या उंच खिंडींतच वर्ष काढायचे आहे, त्यांनी डिझेल घ्यावे आणि पेलोडचा हिशेब अधिक काटेकोरपणे करावा.

ट्रिमबाबत मात्र माझ्या मनात काहीही संदेह नाही. सनरूफ, विजेवर सरकणाऱ्या जड खुर्च्या आणि आपोआप बाहेर येणाऱ्या पायऱ्या यांचे वजन पट्टीवरील आकड्यातून सरळ वजा होते, म्हणून वरचे महागडे ट्रिम या कामासाठी खालच्या ट्रिमपेक्षा कमी लायक ठरतात. एफ-४५० पिकअपचेही तसेच आहे. त्याला १९.५ इंची चाके आणि रुंद पुढचा अ‍ॅक्सल मिळतो, त्यामुळे तो कमी जागेत वळतो, पण एकूण मर्यादा तीच १४,००० पौंड आणि स्वतःचे वजन जास्त, त्यामुळे पेलोड एफ-३५० ड्युअलीपेक्षा कमी. रॅम ३५०० आणि जनरल मोटर्सचे ३५००एचडी हे ड्युअलीही या कामाचे आहेत. तिथेही निर्णय पट्टी वाचूनच करावा.

तयारीच्या खर्चात पहिला मान कॅम्पर बांधणाऱ्या साधनांचा. फोर्डच्या सुपर ड्युटीची बॉडी २०१७ च्या मॉडेलपासून अ‍ॅल्युमिनियमची आहे, आणि एवढा बोजा बेडच्या पत्र्याला अडकवणे मला मान्य नाही. म्हणून आम्ही टॉर्कलिफ्टचे थेट चॅसीला बोल्टने बसणारे टाय-डाउन (बांधण्याचे आधार) आणि त्याच कंपनीचे स्प्रिंगवाले फास्टगन टर्नबकल (कॅम्पर आणि टाय-डाउन यांच्यामधले, आट्यांनी ताणता येणारे दुवे) घेतले. ही कंपनी वॉशिंग्टन राज्यातलीच आहे आणि तिचे काम उत्तम आहे. कॅम्पर बेडवर टेकल्यावर चारही टर्नबकलचे हुक लावावेत, प्रत्येकाची लांबी हाताने फिरवून जुळवावी आणि मग लिव्हर दाबून बंद करावा. तो बंद होताना तळहाताला चांगला जोर लागला पाहिजे, पण सर्व वजन टाकूनही बंद होत नसेल तर एक आटा सैल करावा. निघाल्यानंतर वीस-पंचवीस मैलांवर थांबून चारही पुन्हा तपासावेत, कारण कॅम्पर सुरुवातीच्या खड्ड्यांत थोडा सरकून बसतो. बेडमध्ये जाड रबरी मॅट घातलेली असली तर हे सरकणे बरेच कमी होते, आणि एवढ्या कमी पैशात एवढा फरक पाडणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यरेषेच्या किंचित पुढे यायला हवा. त्याची खूण कॅम्परच्या बाजूला चिकटवलेली असते आणि ट्रकसाठी चालणारी हद्द ट्रकसोबत आलेल्या कागदांत दिलेली असते. ही दोन मापे खरेदीआधीच टेपने ताडून पाहावीत. गुरुत्वमध्य मागे गेला की पुढची चाके हलकी होतात आणि स्टीअरिंग सैल लागते.

सस्पेन्शनसाठी फोर्डचा कॅम्पर पॅकेज हा पर्याय कारखान्यातूनच घ्यावा. त्यात मागे स्प्रिंगचे जादा पाटे आणि डोलणे रोखणारा स्टॅबिलायझर बार मिळतो. त्यावर आम्ही फक्त स्टेबललोड बसवले. हे ठोकळे वरच्या जादा पाट्यांना लवकर कामाला लावतात, त्यामुळे वळणावर आणि कडेने मोठा ट्रेलर जाताना होणारे डुलणे स्पष्टपणे कमी झाले. एअरबॅग आम्ही लावलेल्या नाहीत. एका बाजूला फ्रिज आणि स्वयंपाकघर असल्यामुळे ट्रक झुकत असेल, तर डाव्या-उजव्या बाजूंची हवा वेगळी ठेवता येणाऱ्या एअरबॅग जरूर बसवाव्यात.

कॅम्परची बॅटरी चार्ज करण्यासाठी ट्रेलरच्या नेहमीच्या सात पिनांच्या प्लगवर विसंबू नये. त्यातील तार बारीक असते आणि लांब अंतरात व्होल्टेज पडते. जाड तार, फ्यूज आणि डीसी-टू-डीसी चार्जर (ट्रकच्या विजेवर कॅम्परची बॅटरी योग्य व्होल्टेजने भरणारे उपकरण) असा स्वतंत्र मार्ग करावा. फोर्डच्या अपफिटर स्विचमुळे (जादा उपकरणांसाठी कॅबमध्ये दिलेल्या बटणांमुळे) तो कॅबमधून चालू-बंद करणे सोपे जाते.

ट्रकचे दोष राहतातच. लांबी बावीस फूट, मागची रुंदी आठ फूट, त्यामुळे शहरातील दुकानांच्या आवारात जागा मिळत नाही. आतल्या चाकात हवा भरणे हे व्हॉल्व्हला नळी जोडल्याशिवाय त्रासाचे काम आहे. कॅम्पर ट्रकवरून उचलून धरणाऱ्या पुढच्या जॅकना ड्युअलीचे रुंद फेंडर चुकवण्यासाठी वेगळे ब्रॅकेट लागतात, ते कॅम्पर मागवतानाच सांगावे. कॅबही उंच आहे. आई-बाबा उन्हाळ्यात इकडे आले की त्यांच्यासाठी आम्ही बाजूला रुंद, स्थिर पायऱ्या लावून घेतल्या, आणि त्या पायऱ्यांचे वजन पेलोडमध्ये धरले.

जुना ट्रक घेणाऱ्यांनी विक्रेत्याकडे जाण्याआधीच दाराच्या पट्टीचा फोटो मागवावा. फोटो पाठवायला टाळाटाळ करणाऱ्याकडे जाऊ नये. फोटो आला की त्यातील पेलोडमधून आपल्या कुटुंबाचे आणि भरलेल्या कॅम्परचे वजन वजा करावे, आणि किमान पाचशे पौंड शिल्लक राहत असतील तरच ट्रक पाहायला जावे.