पैठणीवरची हळद आणि सहकारनगरची लाँड्री

माझ्या लग्नातली पैठणी १९८५ सालची. आईने येवल्याला जाऊन विणायला टाकलेली. राणी रंग, नारळी काठ, पदरावर मोर. फेब्रुवारीत भाचीच्या हळदीला मी ती नेसले आणि तासाभरात निऱ्यांवर तळहाताएवढा हळदीचा डाग पडला. कार्यालयात चार बायकांनी चार उपाय सांगितले. साबण लावा, हा त्यातला सगळ्यात मोठ्या आवाजातला. मी लावला नाही. पूर्वी ह्यांच्या रेशमी झब्ब्यावर ती चूक करून झाली आहे. साबण लागला की हळद लाल होते आणि मग तो डाग कपड्याच्या जन्माला पुरतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पैठणी घेऊन पुण्यातल्या सहकारनगरला, अरण्येश्वरच्या बाजूच्या लाँड्रीत गेले. एका मोठ्या साखळीची फ्रँचायझी आहे, म्हणजे नाव आणि पद्धत कंपनीची, दुकान चालवणारं माणूस वेगळं. काचेचा दरवाजा, आत एसी, कंपनीचा टी-शर्ट घातलेली मुलगी. अशा दुकानात मी सहसा जात नाही, कपडा पुढे कुणाच्या हातात जातो ते कळत नाही म्हणून. पण आमच्या नेहमीच्या लाँड्रीने गेल्या वर्षी सुनेच्या शालूची जर काळी करून दिली होती आणि "आधीच तशी होती" असं वर ऐकवलं होतं. तिथे परत पाऊल टाकायचं नव्हतं.

काउंटरवर चाळिशीची एक बाई होती. "काकू, साबण लावलात का?" हा तिचा पहिला प्रश्न. दुसरा, "उन्हात टाकली होती का?" दोन्हींना नाही म्हटल्यावर तिचा चेहरा जरा सैल झाला. सुती कपड्यावरची हळद उन्हाने फिकी पडते, पण रेशमाचा रंगही त्याच उन्हाने उडतो, हे तिने समजावून सांगितलं. मग म्हणाली, "कारखान्यात तशीच पाठवली तर ते बाकीच्या साड्यांबरोबर मशीनला लावतील. डागावर आधी मी इथे काम करते, मग पाठवते. पण शंभर टक्के जाईल असा शब्द देत नाही."

पावतीवर तिने डाग लिहिला, काठाचा एक उसवलेला टाका लिहिला, पदराच्या टोकाशी जर थोडी काळवंडली आहे तेही लिहिलं. मोबाइलवर फोटो काढले आणि मला दाखवून सही घेतली. शालूच्या वेळी अशी पावती असती तर भांडायची वेळच आली नसती.

सहाव्या दिवशी साडी मिळाली. घडी उलगडून, ट्यूबलाइटखाली धरून तिने स्वतःच बोट ठेवलं: "इथे थोडी पिवळट छटा राहिलीय, बघा." नेसल्यावर ती निऱ्यांच्या आत जाते, दिसत नाही. मी घरी आरशासमोर दोनदा पाहिलं. रोल प्रेस सुरेख, काठ कुठेही चुरगळलेला नाही. प्लास्टिकच्या पिशवीऐवजी सुती कापडात गुंडाळून दिली होती. पैसे ६५० रुपये, ड्राय-क्लीन आणि रोल प्रेसचे. डागाच्या मेहनतीचे लावले नाहीत. "पूर्ण गेला नाही ना काकू, मग कसे लावू?"

मी तेहतीस वर्षं बँकेत काढली, शेवटची बारा कर्ज विभागात. दुकानाच्या पाटीवर नाव कुणाचं आणि हिशेब कुणाच्या डोक्यात, हे बघायची मला सवयच लागून गेली आहे. ती का लागली तेही सांगते. २०१५च्या एप्रिलमध्ये मुद्रा योजना आली, पुढच्या एप्रिलमध्ये स्टँड-अप इंडिया. या दुसरीत प्रत्येक शाखेने किमान एका महिलेला नव्या उद्योगासाठी दहा लाख ते एक कोटीपर्यंत कर्ज द्यावं अशी अपेक्षा होती. धंदा भागीदारीत किंवा कंपनीच्या नावावर असेल तर ५१ टक्के वाटा आणि ताबा महिलेकडे हवा, अशी अट होती. वाट्याचा कागद फाइलला लागतो. ताब्याचा कुठून आणणार?

नवरा-बायको समोर येऊन बसायचे. बोलायचा तो. ती पर्स मांडीवर धरून. मी मुद्दाम तिलाच विचारायचे, "गाळ्याचं भाडं किती ठरलंय?" किती तरी जणी मान वळवून नवऱ्याकडे बघायच्या. त्यातली एक फाइल मला अजून सलते. ब्यूटी पार्लरची फ्रँचायझी होती. बाईच्या हातात कला होती, दहा वर्षं घरी पार्लर चालवलेलं. कंपनीशी बोलणी मात्र सगळी नवऱ्याने केली होती. कागद नीट होते, मी कर्ज मंजूर केलं. रॉयल्टी, म्हणजे ब्रँड वापरण्याचा कंपनीचा वाटा, नफ्यावर नसून विक्रीवर द्यायची असते, धंदा तोट्यात गेला त्या महिन्यातही द्यायची असते, हे तिला तिसऱ्या महिन्यात कळलं. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत शटर खाली आलं. वसुलीसाठी गेले तेव्हा ती मला म्हणाली, "मॅडम, तेव्हा तुम्ही मला एकटीला बोलावून का नाही विचारलंत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर माझ्या टेबलावर आलेल्या प्रत्येक बाईला मी एकदा एकटीला बोलावलं.

म्हणून या लाँड्रीवालीशी ओळख वाढली तसा मी तिलाही भाड्याचाच प्रश्न विचारला. तिने भाडं सांगितलं, दरवर्षीची वाढ सांगितली, विजेचं बिल सांगितलं, आणि गाळ्याच्या भाड्याचा, लिव्ह अँड लायसन्सचा करार फ्रँचायझीच्या करारासारखाच पाच वर्षांचा, एकाच महिन्यात संपणारा करून घेतल्याचं सांगितलं. मी खुर्ची ओढून बसलेच. ब्रँड सोडला आणि गाळ्याचं भाडं अंगावर राहिलं, किंवा गाळा गेला आणि ब्रँडचे पैसे अडकले, असं झालेली किती तरी माणसं मी पाहिली आहेत.

चाकणच्या एका कंपनीत ती अकाउंट्सला होती. दुसऱ्या मुलाच्या वेळी नोकरी सुटली, २०२१ला हे दुकान घेतलं. सही करण्याआधी याच साखळीच्या पिंपरीतल्या दुकानात पंधरा दिवस नुसती उभी राहिली आणि रोजचे शर्ट, साड्या, ब्लँकेटं मोजली. बंद पडलेल्या दोन दुकानांच्या मालकांनाही जाऊन भेटली. कंपनीने दाखवलेल्या तक्त्यात महिन्याची विक्री पाच लाख होती; हिच्या वहीत तीन लाख बसत होते. तिने तीन लाखांवरच सगळं गणित केलं. आठ टक्के रॉयल्टी आणि दोन टक्के जाहिरात फी धरली तर ३०,००० रुपये हेड ऑफिसला. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ५,४००. तो पुढे वळता होतो, पण आधी खिशातून जातोच. भाडं, पगार, वीज, कारखान्याचं बिल आणि बँकेचा हप्ता वजा करून जे उरत होतं ते चाकणच्या पगारापेक्षा कमी होतं. हे माहीत असून तिने घेतलं, दुसऱ्या वर्षी ते पगाराच्या वर जाईल असा हिशेब मांडून. तिसऱ्या वर्षी गेलं.

करारावरही तिने वाद घातला. ॲपवर कंपनी ३० टक्के सवलतीची कुपनं टाकते आणि तो भार दुकानावर येतो. रॉयल्टी मूळ दरावर धरायची की सवलत वजा करून, हे मसुद्यात मोघम होतं. तिने "सवलत वजा जाता" हे शब्द घालून घेतले. हद्दीच्या कलमात, म्हणजे कंपनी किती अंतरात दुसरं दुकान देणार नाही त्या कलमात, "कंपनी ठरवेल तो परिसर" असं होतं, तिथे दोन किलोमीटर लिहवून घेतले. मी इतक्या वर्षांत असे दोन बदल करून आणलेला करार एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच पाहिलाय, बाईने काय आणि बाप्याने काय.

अमेरिकेत फ्रँचायझीच्या धंद्याला १९७९पासून नियम आहे. आज तिथे सही किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी फ्रँचायझी विकणाऱ्याला २३ बाबींची माहिती लेखी द्यावी लागते. किती दुकानं बंद पडली, कोणते दावे चालू आहेत, हेसुद्धा. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदाच नाही. १८७२चा करार कायदा, १९९९चा ट्रेडमार्क कायदा आणि तुमचं नशीब. पिंपरीतले ते पंधरा दिवस आणि बंद दुकानांच्या दोन भेटी म्हणजे तिने तिच्यापुरती तयार केलेली माहितीपुस्तिकाच.

एकदा दुपारी गिऱ्हाईक नसताना मी तिला मार्था हार्परची हकिगत सांगितली. लहानपणापासून लोकांच्या घरी मोलकरीण म्हणून राबलेली बाई. १८८८मध्ये अमेरिकेत रॉचेस्टरला साठवलेल्या पैशांतून केसांची निगा राखण्याचं दुकान काढलं आणि १८९१पासून त्याच पद्धतीची दुकानं दुसऱ्यांना चालवायला दिली. सुरुवातीची दुकानं तिने मुद्दाम तिच्यासारख्याच मोलकरणींना आणि कामकरी बायकांना दिली. भरभराटीच्या काळात ती पाचशेच्या वर गेली. आज आपण ज्याला फ्रँचायझी म्हणतो त्याची सुरुवातीची घडी या बाईने बसवली. प्रशिक्षण तिचं, खुर्च्या आणि साहित्यही तिच्याकडूनच घ्यायचं. हे ऐकून आमची लाँड्रीवाली एकदम म्हणाली, "म्हणजे माल हेड ऑफिसकडूनच घ्यायचा हे तेव्हापासून आहे तर!" हँगर आणि साबण हिलाही कंपनीकडूनच, बाजारापेक्षा चढ्या भावात घ्यावे लागतात. ते तिला बोचतं.

आणखी एक गोष्ट बोचते. सुरुवातीचं वर्षभर कंपनीचा एरिया मॅनेजर विक्रीबद्दल बोलायला तिच्या नवऱ्याला फोन करायचा. नवरा आयटीत, त्याला यातलं काही ठाऊक नाही. रविवारी दुकानातला पोरगा आला नाही तर स्कूटरवरून कपडे पोचवतो, तेवढाच त्याचा संबंध. शेवटी तिने मॅनेजरला ईमेल केली: करारावर सही माझी आहे, यापुढे फोन माझ्या नंबरवर करावा. नवऱ्याने स्वतःचा नंबर नोंदीतून काढून टाकायला लावला, याचं मला फार बरं वाटलं.

आता तक्रारी. ॲपवर कपडे "तयार" दिसतात तेव्हा ते बऱ्याचदा कारखान्यातून निघालेलेही नसतात. मी दोनदा हेलपाटा घातलाय. मेसेज सगळे इंग्रजीत येतात, माझ्या नणंदेसारखीला ते वाचून घ्यावे लागतात. मदतीच्या नंबरवर फोन केला तर तिसऱ्याच गावातलं कुणी तरी हिंदीत तेच तेच बोलतं. थेट दुकानात फोन करावा. दिवाळीत ब्लँकेटांना सतरा दिवस लागले. ह्यांच्या एका पँटला दुहेरी इस्त्री आली होती, ती विनातक्रार पुन्हा करून दिली. रोजचे शर्ट मात्र मी तिथे टाकत नाही, ते कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडेच जातात. तिथले दर रोजच्या कपड्यांना परवडणारे नाहीत. रेशमी, जरीचं, लोकरीचं असेल तर निःशंक द्या. सकाळी अकराच्या आत जा, तेव्हा ती स्वतः काउंटरवर असते. सोमवारी बंद.

ब्रँडचं नाव लिहिलेलं नाही, कारण करारातल्या गोष्टी तिने विश्वासाने सांगितल्या आणि तिला विचारून मी इथे इतक्याच लिहिल्या आहेत. अरण्येश्वरच्या रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांना दुकान ओळखू येईल.

तिची पाच वर्षं या ऑगस्टमध्ये पुरी होतात. नूतनीकरणाचा मसुदा आला आहे आणि त्यातून दोन किलोमीटरचं कलम गळलं आहे. गेल्या आठवड्यात आम्ही दोघींनी तो ओळ न् ओळ वाचला. तिने लाल पेनाने खुणा करून परत पाठवलाय, उत्तर अजून आलेलं नाही. सुनेचा तो काळवंडलेला शालू सध्या तिच्याकडेच आहे, गुरुवारी मिळायचाय.