मुलांच्या तब्येतीसाठी एआय अ‍ॅप: बरेच महिने वापरल्यावर काय वाटतं

आधीच सांगते, अ‍ॅप अजून फोनमध्ये आहे आणि काढायचा विचार नाहीये. म्हणजे हा रिव्ह्यू शिव्या घालणारा नाही. पण ज्या कामासाठी घेतलं होतं त्या कामाला ते आता वापरत नाही, आणि जे काम डोक्यात पण नव्हतं त्याला जवळजवळ रोज वापरते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण या प्रकारातली सगळी थोड्याफार फरकाने सारखीच आहेत: मुलाचं प्रोफाइल बनवायचं, लक्षणं टाइप करायची किंवा बोलायची, हवा तर फोटो टाकायचा आणि उत्तर घ्यायचं. घरात दोन मुलं, एक शाळेत जाणारा आणि एक अजून डायपरमधली.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो रिपोर्ट वाचायला. मुलांच्या रक्ताच्या रिपोर्टवर बऱ्याचदा शेजारी छापलेली रेंज मोठ्या माणसांची असते, मग ठळक अक्षरात 'हाय' दिसतं आणि आईवडिलांची झोप उडते. आमच्या थोरल्याचं अल्कलाइन फॉस्फटेज (रक्तात मोजतात ते एक एन्झाइम) असंच हाय आलेलं, अ‍ॅपने सांगितलं की वाढत्या वयात हाडं वाढत असतात म्हणून मुलांमध्ये हे मोठ्यांपेक्षा बरंच जास्त असतं, यासोबत अमुक लक्षणं आहेत का ते बघा आणि डॉक्टरांना हे हे विचारा. धाकटीच्या रिपोर्टमध्ये लिम्फोसाइट्स (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त, तिथेपण तेच, चार-पाच वर्षांपर्यंत मुलांमध्ये ते प्रमाण जास्तच असतं. डॉक्टरांनी दोन्ही वेळा हेच सांगितलं, पण डॉक्टर भेटेपर्यंतची रात्र शांत गेली त्याचे मार्क अ‍ॅपला.

आता ताप. घेतलं होतं ते यासाठीच खरं तर. एक गोष्ट चांगली केलीय त्यांनी, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 सेल्सियस म्हणजे 100.4 फॅरेनहाइट किंवा वर ताप टाकला की अ‍ॅप पुढचे प्रश्न विचारतच नाही, सरळ लाल स्क्रीन, आत्ता डॉक्टरकडे जा. बरोबरच आहे, एवढ्या लहान बाळाच्या तापात वाट बघत बसायचं नसतं. (हे मी वय बदलून मुद्दाम टेस्ट केलं.)

पण डोसच्या बाबतीत मी तोंडात बोट घातलं. वजन प्रोफाइलमध्ये होतं, ते घेऊन त्याने पॅरासिटामॉलचा डोस थेट एमएलमध्ये सांगितला. बाटलीवर काय लिहिलंय ते विचारलंच नाही! पॅरासिटामॉल मुलांना वजनावर देतात, साधारण किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, हे ठीक. पण सिरप एकच नसतं, एकात 5 एमएलमध्ये 120 मिलिग्रॅम असतं आणि दुसऱ्यात 250. बारा किलोच्या मुलाला 180 मिलिग्रॅम द्यायचं म्हटलं तर पहिल्यातलं साडेसात एमएल होतं आणि दुसऱ्यातलं चार एमएलसुद्धा होत नाही. म्हणजे चुकीची बाटली हातात असेल तर डोस दुप्पट जातो, आणि घरात बऱ्याचदा दोन्ही बाटल्या असतात, एक थोरल्याची एक धाकटीची. मी फीडबॅक पाठवला, नंतरच्या अपडेटमध्ये विचारायला लागलंय पण प्रत्येक वेळी नाही. नवीन चॅट उघडली की कधीकधी वजनपण विसरतं, किंवा सहा महिन्यांपूर्वीचं वजन धरून चालतं, या वयात सहा महिन्यांत मूल किती बदलतं हे त्याला कोण सांगणार. त्यामुळे डोस आता फक्त डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कागदावरून, अ‍ॅपला त्यात विचारत नाही.

जायचं की थांबायचं, हा खरा प्रश्न, आणि इथेच माझं मत पक्कं झालं. अ‍ॅप विचारतं, श्वास घ्यायला त्रास होतोय का? आता हो की नाही हे मी ठरवायचं! जे मला कळत नाही म्हणून मी अ‍ॅप उघडलं तेच ते मला विचारतंय. मला यापेक्षा डॉक्टरांनी शिकवलेली पद्धत कामाला आली: मूल शांत असताना, रडत नसताना, पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून श्वास मोजायचे. जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे सोपे आहेत, दोन महिने ते एक वर्ष वयात मिनिटाला 50 किंवा जास्त म्हणजे वेगात, एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त. आणि बरगड्यांच्या खालचा भाग प्रत्येक श्वासाला आत ओढला जातोय का ते कपडे वर करून बघायचं. हे मी अ‍ॅपमध्ये नीट आकड्यात लिहिलं की उत्तरही सुधारतं, 'जरा धाप लागतेय वाटतं' लिहिलं की उत्तरही तसंच गुळमुळीत येतं. व्हिडिओवरून श्वास मोजायचं फीचर आहे पण धाकटी एक सेकंद स्थिर बसेल तर ना.

पुरळाचा फोटोपण तसाच. गोऱ्या त्वचेवर लालसर दिसतं ते सावळ्या त्वचेवर जांभळट किंवा नुसतं गडद दिसतं, आणि असल्या सिस्टिम शिकवायला वापरलेल्या फोटोंमध्ये गडद त्वचेचे कमी होते ही तक्रार जुनीच आहे. आमच्याकडे फोटोच्या उत्तरात तीन-चार नावं येतात, सगळी शक्य, त्यातून मी काय निवडू?

नवरा म्हणाला तू उगाच कीस काढतेस, सगळे वापरतात. म्हणून थोडं वाचलं. 2024 च्या सुरुवातीला जामा पीडिॲट्रिक्स या बालरोगांवरच्या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आलेला, चॅटजीपीटीच्या तेव्हाच्या मॉडेलला मुलांच्या आजारांच्या 100 केसेस दिल्या, त्यातली 83 निदानं चुकली. आता त्या केसेस मुळातच अवघड, डॉक्टरांनाही कोडं पडावं अशा, आणि मॉडेल आता बदललीत, म्हणजे 83 आकडा घेऊन भांडायला जाऊ नका. मला त्यापेक्षा त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासाने घाबरवलं, कॅन्सस युनिव्हर्सिटीच्या लोकांनी 116 आईवडिलांना मुलांच्या आरोग्यावरचे मजकूर वाचायला दिले, काही तज्ज्ञांचे आणि काही चॅटजीपीटीचे, आणि बहुतेकांना फारसा फरकच जाणवला नाही, जिथे जाणवला तिथे एआयचं लिखाण जास्त भरवशाचं वाटलं. पटतं मला. अ‍ॅप कधी चिडत नाही, घाईत नसतं, 'हे गुगल करून आलात का' असं म्हणत नाही. रात्री तीनला एवढ्या गोड आवाजात कुणी बोललं तर विश्वास बसणारच.

याउलट एक उदाहरण मला फार आवडलं, ते आम्ही वापरलेलं नाही, नुसतं वाचलंय. ऑटिझमच्या निदानाला मदत म्हणून अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय साधनांना परवानगी देणारी सरकारी संस्था) 2021 मध्ये एक एआय साधन मान्य केलं, 18 ते 72 महिन्यांच्या मुलांसाठी, आईवडिलांची प्रश्नावली, मुलाचे छोटे व्हिडिओ आणि डॉक्टरांची उत्तरं मिळून ते चालतं. त्याच्या अभ्यासात साधारण तीनातल्या एकाच मुलाबद्दल त्याने ठाम हो किंवा नाही सांगितलं, बाकीच्यांना सरळ 'सांगता येत नाही'. कुणी म्हणेल मग उपयोग काय! मला मात्र हेच हवंय. माझ्या अ‍ॅपने इतक्या महिन्यांत एकदाही 'मला हे कळत नाही' म्हटलेलं नाही, फार तर शेवटी एक ठरलेली ओळ असते की डॉक्टरांचा सल्ला घ्या, ती तर साध्या शिंकेलाही असते त्यामुळे डोळे ती वाचतच नाहीत.

डॉक्टरांकडेही एआय आलंय बरं का. आमच्या डॉक्टरांनी टेबलावर फोन ठेवला, विचारलं की आपलं बोलणं ऐकून हे नोट्स लिहील, चालेल का. मी हो म्हटलं आणि फरक लगेच दिसला, पूर्वी ते स्क्रीनकडे बघून टाइप करायचे, आता मुलाकडे बघून बोलत होते, थोरला पण मोकळा बोलला. शेवटी नोट वाचून दाखवली तर त्यात 'कोणत्याही औषधाची अ‍ॅलर्जी नाही' आलेलं, आणि मी तर एका औषधाने पुरळ येतं असं सांगितलं होतं. डॉक्टरांनी तिथेच दुरुस्त केलं. तेव्हापासून मी नोट वाचून दाखवा असं स्वतःहून म्हणते, कुणी वाईट मानत नाही, तुम्हीपण म्हणा.

फोटोंचं मात्र बंद केलंय. डायपरखालचे फोटो, अंगावरचे फोटो, ते कुठल्या सर्व्हरवर किती दिवस राहतात हे त्यांच्या पॉलिसीत दोनदा वाचूनही समजलं नाही, सपोर्टला विचारलं तर पॉलिसीचीच लिंक परत पाठवली. धाकटीला तर विचारता येत नाही, थोरल्याला येतं आणि त्याने स्पष्ट नको म्हटलंय, मग विषय संपला.

तर सध्या असं चाललंय: डॉक्टरकडे जायच्या आधी अ‍ॅपमध्ये ताप किती वाजता किती, श्वास किती, लघवी किती वेळा, काय दिलं, सगळं टाकते आणि त्याची अर्ध्या पानाची समरी काढून डॉक्टरांसमोर ठेवते, त्यांना ती आवडते. परत आल्यावर त्यांनी सांगितलेलं नीट कळलं नसेल तर ते समजावून घेते. मधला निर्णय त्याचा नाही. वर्षाचा प्लॅन घेतला नाही, महिन्याचाच ठेवलाय, बाटलीवरची स्ट्रेंथ प्रत्येक वेळी विचारायला लागलं आणि फोटो डिलीट केला की खरंच डिलीट होतो हे कुठेतरी लिहून दिलं तर बघू. पाचपैकी तीन स्टार, त्यातले दोन रिपोर्टसाठी.