चुंबक चिकटलं नाही म्हणजे 304च, असं नव्हे

कापसाचे चुकारे हाती आले की गावात टेम्पो फिरू लागतो. मागे चकचकीत ट्रॉल्या, वर भोंगा: जुन्या ओट्याखाली मॉड्युलर किचन, एका दिवसात. सैपाकघर दहा बाय आठचं, ओट्याखाली डब्यावर डबा. तुरीच्या डाळीसाठी आधी चार डबे बाहेर काढायचे. ट्रॉली हवीच असते, म्हणून माणूस फसतो.

विक्रेता स्वतःच खिशातून चुंबक काढतो. "पाहा वहिनी, चिकटते का? असली 304 आहे." 304 म्हणजे स्टेनलेस स्टीलची एक चांगली ग्रेड. सौदा इथेच पक्का होतो. खरं तर चुंबक एवढंच सांगतं की ट्रॉलीची तार मुलामा दिलेल्या लोखंडाची नाही. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. स्वस्तातल्या 202 मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. चुंबक दोन्हींना चिकटत नाही. उलट अस्सल 304 ची तारही वाकवलेल्या जागी त्याला थोडी ओढ दाखवते. फरक कळतो पावसाळ्यात, सिंकखालच्या ट्रॉलीच्या जोडांवर आणि मिठाच्या बरणीखाली तांबूस ठिपके आले की. कोरड्या डब्यांना 202 चालतं. त्याला 304 चा भाव मोजायचा नाही, इतकंच.

दुसरा डाव मोजमापाचा. भाव सांगताना नुसतं "फुटाला हजार" म्हणतात. ओटा 8 फूट, म्हणजे 8,000, असा आपला हिशोब. बिल मात्र चौरस फुटाचं येतं: 8 फूट लांबी गुणिले अडीच फूट उंची, 20 चौरस फूट, 20,000 रुपये. तोवर अर्धे पैसे आगाऊ गेलेले असतात आणि कडप्प्याला भोकंही पाडून झालेली असतात. फूट कोणता, धावता की चौरस, हे पहिल्याच दिवशी कागदावर घ्या.

ट्रॉली ज्या पट्ट्यांवर सरकते त्या चॅनलकडे तर कुणी पाहतच नाही. 20 इंच खोल ट्रॉलीला 14 इंची चॅनल लावली की ट्रॉली पूर्ण बाहेर येत नाही, मागचे डबे पुन्हा हाताबाहेर. दाखवायला आणलेल्या ट्रॉलीची तार जाड आणि बसवायच्या वेळी आलेली बारीक, हेही होतं. नमुन्याची एक ट्रॉली वजनकाट्यावर ठेवा, वजन बिलावर लिहून घ्या आणि माल आला की त्याच मापाची ट्रॉली पुन्हा तोला.

माप स्वतः घ्या. दोन कडप्प्यांमधलं अंतर वर, मध्ये, खाली, तेही पुढून आणि मागून. सर्वांत कमी निघेल ते खरं. दोन्ही बाजूंच्या चॅनलना मिळून साधारण एक इंच लागतो, म्हणजे 20 इंचाच्या जागेत 19 इंचाची ट्रॉली. जुन्या ओट्याचे कडप्पे क्वचितच ओळंब्यात असतात. तिथे तयार मापाची ट्रॉली ठोकून बसवली की ती महिनाभरात अडकते आणि दोष तुमच्या ओट्यावर येतो.

कडप्पे उभे असतील तर आत लाकडी खोका करायची गरजच नाही. तरी गळ्यात मारलाच, तर "वॉटरप्रूफ" या शब्दावर जाऊ नका. भुशाचा बोर्ड ओल लागली की फुगतो, स्क्रू सुटतात, आणि उधईला आयतं घर मिळतं. ओल सोसणाऱ्या मरीन प्लायवर आयएस 710 या मानकाचा शिक्का आणि परवान्याचा सीएम/एल क्रमांक असतो. तो बीआयएस केअर ॲपवर टाकला की परवाना कुणाचा ते दिसतं. शिक्का कापून टाकलेला तुकडा घेऊ नका.

बिलावर ग्रेड, तारेची जाडी, चॅनलची लांबी, दुकानाचा पत्ता आणि जीएसटी क्रमांक हवा. आगाऊ रक्कम रोख न देता दुकानाच्या खात्यावर टाका. फसगत झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन करा. त्याने भागलं नाही तर दोन वर्षांच्या आत आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. दुकान परजिल्ह्यातलं असलं तरी. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही. मात्र टेम्पोवरचा मोबाइल नंबर म्हणजे पत्ता नव्हे. नोटीस पाठवायला दुकान कुठे आहे ते माहीत लागतं.